खड्यांची गौर, आठव्या मजल्यावर

आमची गौर खड्यांची. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावरचे सात खडे, बस्स. सासूबाई गिरगावात चाळीच्या विहिरीवरून आणायच्या. मुलुंडला आठव्या मजल्यावर राहायला आल्यावर प्रश्न पडला, पाणवठा कुठला? सोसायटीच्या बागेतला नळ. वाहतं पाणी आहे, झालं.

तिथी नव्हे, नक्षत्र बघा. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. म्हणूनच ती ज्येष्ठा गौरी. पंचांगात वेळा दिलेल्या असतात, त्या बघून ऑफिसात रजा टाका.

खडे सुपारीएवढे, गुळगुळीत. बांधकामाची खडी नको. दादरहून तेरडा आणाल तो मुळांसकट (रानात फुकट उगवणाऱ्या झाडाला त्या दिवशी काय भाव येतो, विचारू नका). नळाखाली खडे धुऊन हळदकुंकू वाहायचं, तेरड्याच्या डहाळीसकट ताम्हनात ठेवून वर खण झाकायचा. तिथून दारापर्यंत मुक्यानं यायचं, मागे न बघता. आमच्यात तोंडात पाण्याची चूळही धरतात. एकदा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका "काय वहिनी, गणपती किती दिवसांचा?" म्हणून विचारतच राहिले. चूळ सांभाळू की हसू आवरू! तेव्हापासून घंटा वाजवत पुतणी पुढे असते, उत्तरं ती देते.

उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, आणणारीच्या पायांवर दूधपाणी घालून कुंकू लावायचं. आत पावलं: मूठ तांदळाच्या ओल्या पिठात बुडवून ठसा, वर बोटांचे पाच ठिपके. आता घाई नको. माहेरवाशीण आलीय, तिला घर दाखवायचं. "गौर आली," "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी," असं म्हणत खोलीखोलीतून न्यायचं. मी तांदळाचा डबा, कपाट, फ्रीजसुद्धा उघडून दाखवते. मग गणपतीशेजारी बसवायची.

पहिल्या दिवशी भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं. घाटल्यासाठी गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळा, त्यात कालवलेली तांदळाची पिठी शिजवा, नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, मंद आचेवर. उकळी आणलीत की फाटलंच.

तिसऱ्या दिवशी दहीभात दाखवून त्याच नळावर, बादलीत विसर्जन. खडे मी तुळशीत ठेवते. कुंडीत आता मातीपेक्षा गौरीच जास्त झाल्यात.