चढणीचा स्टीलहेड: वसंतातल्या नदीवर या चुका टाळा

मार्च संपत आला, मिशिगनमधला बर्फ वितळू लागला की डेट्रॉइटच्या आसपास राहणारे आम्ही दोन-तीन मराठी लोक शनिवारी पहाटे गाडीत फ्लाय फिशिंगचं सामान टाकतो आणि बॉल्डविन गावाची वाट धरतो. तीन तासांचा रस्ता. तिथे पेर मार्केट नदी आहे. नावाचा बाजाराशी काही संबंध नाही. जाक मार्केट नावाच्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्र्यावरून ते पडलं, आणि स्थानिक लोक नदीला नुसतं 'पीएम' म्हणतात. लेक मिशिगनमधून स्टीलहेड चढतो तो या नदीत.

कोकणातल्या माणसाला स्टीलहेड समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या पावसात ओढ्यातून, शेताच्या बांधावरून उसळ्या मारत वर जाणारे चढणीचे मासे त्याने पाहिलेले असतात. हा त्याच वळणाचा. जात रेनबो ट्राउटचीच, पण हा लहानपण नदीत काढून मोठ्या सरोवरात जातो, तिथे तीन-चार किलोचा होतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो. शरद ऋतूत इथे चढणारा सामन अंडी घातली की मरतो. स्टीलहेड मात्र पुन्हा सरोवरात उतरतो आणि जगला तर परत येतो.

सुरुवातीची दोन वर्षं माझी समजूत होती की आपल्याला कास्टिंग जमत नाही म्हणून मासा लागत नाही. मग हिवाळाभर घराजवळच्या मैदानावर लाइन फेकण्याचा सराव केला. पन्नास फूट जायला लागली. मासा तरी लागेना. आता दुसऱ्यांना बघतो तेव्हा कळतं की लाइन पन्नास फूट गेली की पंचवीस, याने इथे फारसं अडत नाही. पाय कुठे पडतात आणि फ्लाय (गळावर पिसं-लोकर बांधून केलेलं नकली आमिष) पाण्याखाली काय करते, घोळ बहुतेक या दोन ठिकाणी असतो.

कॅलेंडर बघून निघणं

'एप्रिलचा पहिला आठवडा उत्तम' हे कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून आपण रजा टाकतो. मासा कॅलेंडर बघत नाही, पाण्याचं तापमान बघतो. पाणी ४० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेचार सेल्सिअसच्या वर गेलं की तो जोमाने चढायला लागतो. अंडी घालण्याची गडबड तिथपासून ५० फॅरनहाइटपर्यंत. त्यामुळे दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर हा पिशवीतला सगळ्यात उपयोगी जिन्नस. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: छान ऊन पडलं, बर्फ भराभर वितळला, आपण खूश, पण ते वितळलेलं पाणी नदीत उतरून तिला उलट गार करतं. अशा दिवशी मासे दगडासारखे तळाशी पडून राहतात.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे मापक नद्यांवर बसवलेले असतात. पीएमचा स्कॉटव्हिलला आहे आणि त्याचा आलेख फोनवर दिसतो. पावसाने आलेखाचा डोंगर झाला असेल तर तो चढत असताना जाऊ नका. उतरायला लागला की जा. पाणी किंचित गढूळ, हिरवट, गुडघ्यापर्यंत पाय दिसेल न दिसेल असं असलं तर आणखी चांगलं. काचेसारख्या पाण्यात मासा तुम्हाला आधी बघतो.

आणि लायसन्स. मिशिगनचं मासेमारीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे हंगामाच्या ऐन मध्यावर. मागच्या उन्हाळ्यात काढलेला परवाना खिशात घालून १ एप्रिलला नदीवर उभे राहणारे लोक मी पाहिलेत. एकदा त्यांत मी होतो.

मासा असतो तिथेच जाऊन उभं राहणं

ही नवशिक्यांची लाडकी चूक. वेडर्स (छातीपर्यंत येणारी, पाणी न शिरणारी विजार) घातले की माणसाला खोल पाण्यात शिरायची घाई होते. कमरेइतक्या पाण्यात जाऊन तो पलीकडच्या काठाकडे फेकतो, आणि मासे मघाशी तो जिथून चालत आला तिथे, काठापासून आठ फुटांवर असतात. असतात म्हणजे, होते.

माझा नियम साधा आहे. काठावर थांबायचं. पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक कापणाऱ्या, चष्म्यातून पाच मिनिटं नुसतं बघायचं. पहिली फेक पाय ओले न करता. मग पुढची थोडी लांब, मग आणखी लांब, आणि जवळचं पाणी संपल्यावरच आत पाऊल.

बघायचं काय? चढणीच्या माशाला वाटेत दम खायला जागा लागते. खळाळाचं उथळ पाणी अचानक खोल होतं ती कडा. मोठ्या दगडाच्या पुढचा आणि मागचा संथ कप्पा. वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासत जातात तिथे पाण्यावर उमटणारी रेघ. पीएममध्ये पाण्यात आडवी पडलेली झाडं पुष्कळ, त्यांच्या बाजूची काळोखी खोलगट जागा. आमच्याकडे नदीतल्या खोल जागेला कोंड म्हणतात. हा शब्द मी इथे मनातल्या मनात वापरतो, कारण 'पूल' म्हटलं की मला उगाच पोहण्याचा तलाव आठवतो. कंबरभर खोल आणि माणूस चालेल त्या वेगाचं पाणी हे स्टीलहेडचं विसाव्याचं ठिकाण. मोठा, निवांत, सुंदर दिसणारा डोह बहुतेक वेळा रिकामा निघतो.

खडीतला उजळ पट्टा

उथळ खडीत एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसतो. मादीने कुशीवर वळून शेपटीने खडी उडवून केलेलं ते घरटं असतं. तिथे मासे उघड दिसतात, दोन-तीन नर एकमेकांना ढुसण्या देत असतात, आणि नवख्या माणसाचा जीव वरखाली होतो. तो तिथे फ्लायचा मारा सुरू करतो.

ते करू नका. एक तर ते मासे खायला आलेले नसतात. वारंवार फ्लाय ओढल्याने गळ तोंडाऐवजी पंखात, पोटात, शेपटीत अडकतो. असा अडकलेला मासा कायद्यानेही सोडून द्यावाच लागतो. दुसरं म्हणजे इथले स्टीलहेड बहुतांशी याच खडीत जन्मलेले आहेत. चढणीच्या वेळी अंड्यावरचा मासा सरसकट मारला की पुढच्या वर्षी ओढा रिकामा होतो, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना वेगळं सांगायला नको.

यातली मेख अशी की अंडी खड्ड्यात दिसत नाहीत. ती खड्ड्याच्या लगेच खालच्या बाजूला, उडवलेल्या खडीच्या उंचवट्यात पुरलेली असतात. म्हणजे 'मी खड्डा टाळून खालून गेलो' असं म्हणणाऱ्याचाच बूट नेमका अंड्यांवर पडलेला असतो. पिल्लं बाहेर यायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा मासे निघून गेल्यावर मे महिन्यातसुद्धा त्या खडीवरून चालू नये.

मग फेकायचं कुठे? त्या उथळ खडीच्या खाली पहिली खोल जागा असते तिथे. नुकते आलेले आणि अंडी घालून दमलेले, दोन्ही तऱ्हेचे स्टीलहेड तिथे थांबतात. वाहून येणारी मोकळी अंडी टिपायला ट्राउटही तिथेच टपलेले असतात. नारिंगी लोकरीच्या गोळीसारखी अंड्याची फ्लाय चालते त्यामागचं कारण हेच.

फ्लाय वरच्या पाण्याबरोबर पळते

एवढी एकच गोष्ट सुधारली तरी पेट्रोलचा खर्च वसूल होईल.

नदीचं वरचं पाणी वेगात असतं, तळाचं गोट्यांना घासत हळू चालतं. स्टीलहेड तळापासून फूटभर उंचीच्या त्या हळू थरात असतो, आणि गार पाण्यात तो खाण्यासाठी वर येण्याचे कष्ट घेत नाही. आपली लाइन मात्र वरच्या पाण्यावर पडलेली. ती पुढे पळते, इंडिकेटरला (लाइनवरच्या छोट्या तरंगत्या खुणेला) ओढते, इंडिकेटर फ्लायला ओढतो, आणि फ्लाय माशाच्या डोक्यावरून पाणबुडी सोडून विमान झाल्यासारखी निघून जाते.

ओळखायचं कसं? इंडिकेटरशेजारच्या फेसाकडे बघा. इंडिकेटर फेसाच्या बरोबरीने किंवा पुढे जात असेल तर फ्लाय तळाला नाही. तो फेसापेक्षा किंचित मागे पडत, मधूनच अडखळत चालला पाहिजे. जमत नसेल तर या क्रमाने बघा. आधी मेंड: लाइन पाण्यावर पडल्या पडल्या तिचा पोटाचा भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, इंडिकेटर न हलवता. मग खोली: इंडिकेटरपासून वजनापर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट. मग वजन: लीडरवर (लाइनच्या टोकाच्या बारीक धाग्यावर) एक छर्रा वाढवा. दर फेकीला तळात अडकतंय तर एक काढा. दहा फेकींत एकदाही गोट्याला लागलं नाही तर आणखी एक लावा. फ्लाय बदलायची ती सगळ्यात शेवटी.

आपण नेमकं उलटं करतो. मासा लागत नाही म्हणून डबी उघडायची आणि काळी स्टोनफ्लाय काढून तपकिरी लावायची. फ्लाय बदलणं बसल्या जागी होतं, त्याला खर्चही करता येतो, म्हणून ते आवडतं. माझ्या डबीत साठ-सत्तर फ्लाय आहेत, वापरात पाच.

वजन आणि इंडिकेटर असलेली लाइन हवेत पुढेमागे चार वेळा फिरवू नका. गुंता होणार आणि पुढची वीस मिनिटं काठावर बसून बोटं गारठवत तो सोडवणार. लाइन प्रवाहाच्या खालच्या बाजूला पाण्यावर ताणू द्या आणि त्या ताणाचाच जोर घेऊन एका झटक्यात प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. आमच्या मंडळींपैकी एकाला तर पतंगाचा मांजा सोडवण्याचा लहानपणीचा अनुभव होता, तोही इथे हरला.

लागला, आणि गेला

इंडिकेटर थांबला, बुडाला, बाजूला सरकला, काहीही वेगळं झालं की लगेच झटका द्या. खात्री व्हायची वाट पाहिलीत तर मासा थुंकून मोकळा होतो. झटका सरळ वर नको. रॉड प्रवाहाच्या खालच्या दिशेला, आडवा. मासा प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून असतो, त्यामुळे आडव्या ओढीने गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो.

त्यानंतरच्या दहा सेकंदांत निम्मे मासे जातात. रीळ घट्ट आवळून ठेवलेलं असतं आणि सहा पौंडांचा ताण सोसणारा टिपेट (लीडरचं शेवटचं, सगळ्यात बारीक टोक) टपकन तुटतो, किंवा मासा उसळी मारतो तेव्हा आपण रॉड आणखी वर ओढतो. उसळीला रॉड खाली झुकवा, लाइनला सैल द्या. पळाला तर पळू द्या, पण पडलेल्या झाडाकडे निघाला तर रॉड आडवा करून बाजूने दाब द्या आणि स्वतः काठाने त्याच्यामागे चालायला लागा. दहा फुटी सात किंवा आठ नंबरचा, म्हणजे दणकट, रॉड याचसाठी. गाठ तुटून डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं टोक हातात आलं तर दोष माशाचा नाही; गाठ ओली न करता आवळली होती.

ट्राउटला स्टीलहेडसारखं वागवणं

एप्रिलच्या अखेरीला खेळ बदलतो, पाळी ब्राउन ट्राउटची येते. ब्राउन ट्राउट अमेरिकेत पहिल्यांदा सोडला तो पीएमच्याच बॉल्डविन नावाच्या फाट्यात, १८८४ साली, जर्मनीहून आलेल्या अंड्यांतून. फार सावध मासा. त्याच्यावर स्टीलहेडचा जाड टिपेट आणि आठ नंबरचा रॉड घेऊन जाणं म्हणजे पोहे खायला डाव घेणं. नऊ फुटी पाच नंबर, बारीक टिपेट.

दुसरी चूक पहाटे उठण्याची. गळ म्हटलं की आपल्याला पहाट आठवते. पण हेंड्रिकसन हा पाणकिडा पाणी ५० फॅरनहाइटच्या पुढे गेल्यावर, बहुधा दुपारी दोन-तीनच्या सुमारास पंख फुटून वर येतो, आणि ट्राउट पृष्ठभागावर टिपायला लागतात तेव्हाच. पहाटे सहापासून उभे असलेले लोक एक वाजता कंटाळून जेवायला जातात. जेवण अकराला उरका.

गार पाणी, गार हात

पट्ट्याशिवाय वेडर्स घालू नका. पडलात तर आत पाणी भरतं, आणि पाच-सहा सेल्सिअसच्या पाण्यात बोटं काही मिनिटांत काम सोडतात. सुके कपडे गाडीत ठेवा. वेडर्स गळत असतील आणि भोक सापडत नसेल तर ते उलटे करून आतल्या बाजूने रबिंग अल्कोहोल फवारा. श्वास घेणाऱ्या कापडाचे असतील तर भोकाच्या जागी काळा ठिपका उमटतो. त्यावर ऍक्वासील या गोंदाचा थेंब लावून रात्रभर वाळू द्या.

पीएमवर एम-३७ महामार्गाच्या पुलापासून ग्लीसन्स लँडिंग या धक्क्यापर्यंतच्या पट्ट्यात फक्त फ्लाय चालते आणि प्रत्येक मासा सोडावा लागतो. फोटोसाठी तो हवेत धरून ठेवू नका. हवा गोठणबिंदूखाली असली तर कल्ले गारठतात. हात ओले, जाळी रबराची, मासा पाण्यातच.

घरी निघण्याआधी बूट घासा. २०१५ साली पीएममध्ये न्यूझीलंडची चिखलगोगलगाय सापडली. तांदळाच्या दाण्याहून लहान, बुटाच्या ओलाव्यात कित्येक दिवस जगते, आणि एकटी मादी नराशिवाय नवी वसाहत करते. मिशिगनच्याच अप्पर मॅनिस्टी नदीत २०२१ मध्ये डिडिमो हे शेवाळही मिळालं. लगेच दुसऱ्या नदीवर जायचं नसेल तर बूट पूर्ण वाळवा. जायचं असेल तर घासून-धुऊन रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आमच्या घरी त्यासाठी खालचा कप्पा ठरलाय, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, खवलेल्या खोबऱ्यापासून जमेल तेवढे लांब.