४१० ची पट्टी आणि ४८० अंश

डिप्लोमा होऊन वर्ष झालं होतं, तेव्हा भोसरी एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये मी होते. मार्टेन्सिटिक स्टेनलेस (तापवून विझवलं की कडक होणारं स्टेनलेस) म्हणजे काय, ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा वेगळं कसं, हे तुम्ही शिकलेलं असणार. म्हणून मी जिथे अडकले तिथूनच सुरुवात करते.

४० बाय १० ची, याच जातीतल्या ४१० ग्रेडची पट्टी. तिच्यातून पॅकिंग मशीनचे स्टॉपर कापून आले होते. ड्रॉइंगवर हार्डनेस ३८ ते ४२ एचआरसी (रॉकवेल मशीनवर मोजलेला कडकपणा). तोवर माझं सगळं काम ईएन २४ वर, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या अलॉय स्टीलवर झालेलं. ईएन २४ तेलात विझवून ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर केलं (विझवल्यावर पुन्हा कमी तापमानाला तापवलं) की एवढा हार्डनेस मिळतो. तोच हिशोब मी इथे लावला. ९८० ला तापवलं, तेलात विझवलं, ४८० ला टेम्परिंग. भट्टीवरचे मामा म्हणाले, "मॅडम, याला ४८० नका लावू. स्टेनलेस आहे हे." का, ते त्यांना सांगता येईना. सिनिअर म्हणाले, "हार्डनेस बसला की जॉब पास." मी सिनिअरांचं ऐकलं.

प्रत्येक नगावर ४० आला. तीन आठवड्यांनी दोन स्टॉपर परत आले. जरासुद्धा वाक नाही, खडू मोडावा तसे सरळ मोडलेले. ते टेबलावर ठेवलेले अजून डोळ्यासमोर येतात.

आता हे सावकाश वाचा. ४१० ला २५० अंशांना टेम्पर केलं तर हार्डनेस साधारण ४० राहतो. ४८० ला केलं तरी जवळपास तेवढाच. या दोन तापमानांच्या मधे हार्डनेसचा आलेख जवळजवळ आडवा आहे. टफनेस, म्हणजे धक्का सोसायची ताकद, मात्र आडवी राहत नाही. साधारण ४२५ ते ५६५ अंशांच्या पट्ट्यात टेम्परिंग झालं की ती कोसळते. म्हणजे दोन नग, हार्डनेस सारखाच, आणि त्यातला एक हातोडीच्या घावाला टिकतो, दुसरा तुटतो. रॉकवेल मशीनला यातलं काही कळत नाही, ते फक्त दाबून बघतं. टफनेस बघायचा तर चार्पी टेस्टच (खाच पाडलेला नमुना लोलकाच्या घावाने तोडून बघायची) करावी लागते, आणि छोट्या ऑर्डरला ती कोणी करत नाही.

त्याच पट्ट्यात क्रोमियम कार्बाइडचे अतिबारीक कण बनतात आणि त्यांच्या भोवतीचं क्रोमियम कमी होतं. ४१० मध्ये क्रोमियम मुळात ११.५ ते १३.५ टक्के, म्हणजे स्टेनलेस म्हणवण्यापुरतंच. त्यातलं थोडं अडकून पडलं तरी गंज लवकर धरतो. तुटतोही आणि गंजतोही, तरी रिपोर्टवर नग पास.

म्हणून ड्रॉइंगवर नुसता हार्डनेस दिसला तर आधी विचारा, या भागावर धक्का बसतो का? हार्डनेस ४० च हवा असेल तर २०० ते ३५० अंशांमध्ये राहा. २५ च्या आसपास चालत असेल तर ६०० अंशांच्या वर जा, टफनेस छान मिळतो. ३३-३४ मागितला असेल तर तो नेमका त्या वाईट पट्ट्यात येतो. अशा वेळी भट्टी लावायच्या आधी डिझायनरला फोन करा. सुरुवातीला माझा आवाज कापायचा. पण फोन केल्यावर कोणी ओरडलं नाही, बहुतेकांनी हार्डनेसची मर्यादा बदलूनच दिली.

दुसरा लॉट २५० ला केला आणि तो टिकला. चूक झाली म्हणून या कामातून कोणी बाद होत नाही, एवढं नक्की सांगते. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे एका पानाचे टेम्परिंग चार्ट मोबाईलमधून आजच काढून टाका. त्यात हार्डनेस असतो, टफनेसचा रकाना नसतो. आणि भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस नको म्हणत असेल तर थांबा. कारण त्याला सांगता येत नसेल, तर ते शोधायचं काम आपलं. आपण त्यासाठीच शिकलोय.

बाकी गोष्टी थोडक्यात. पट्टी तेलात सोडताना उभी सोडा, आडवी सोडली की धनुष्य होते. विझवून कोमट झाली की लगेच टेम्परिंगला लावा. याच जातीतल्या ४२० ग्रेडमध्ये कार्बन जास्त असतो, ती तशीच रात्रभर ठेवली तर सकाळी तडे दिसू शकतात. चाकू-कात्र्यांना ४२०, पंपाचे शाफ्ट आणि व्हॉल्व्हचे भाग यांना ४१०, ही ढोबळ वाटणी ध्यानात ठेवा. अ‍ॅनिल्ड (तापवून सावकाश थंड केलेल्या, मऊ) अवस्थेतली पट्टी गंजली म्हणून दुकानदाराशी लगेच भांडू नका, हे स्टील कडक करून पॉलिश केल्यावरच गंजाला नीट तोंड देतं.

खरेदीत मात्र डोळे उघडे हवेत. चुंबक ४१० ला चिकटतं तसं ४३० या दुसऱ्या स्टेनलेस ग्रेडलाही चिकटतं, आणि ४३० विझवून कडक होत नाही. हातातली एक्सआरएफ गन (एक्स-रेने धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) क्रोमियम दाखवते, कार्बन दाखवत नाही, त्यामुळे ४१० आणि ४२० मधला फरक तिच्यावर विसंबून कळत नाही. टीसीवरचा (मटेरिअलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा) हीट नंबर, म्हणजे वितळणीचा क्रमांक, पट्टीवरच्या पंचिंगशी जुळवा, शंका आली तर स्पेक्ट्रो (लॅबमधली रासायनिक तपासणी) करून घ्या. लॅब लांब असेल तर पट्टीच्या टोकाचा बोटभर तुकडा कापून आधी तोच तापवून, विझवून कडक होतो का ते बघा.