शरद हंगाम: सॅमनची अंडी काढण्यापूर्वी प्रजनक मासे पारखून घ्या

समुद्रातले सॅमन मासे अंडी घालायला नदीत चढू लागले की हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, अंडी काढायची घाई सुरू होते. त्याआधी हातातला मासा नदीत जन्मलेला की हॅचरीचा, हे पाहा. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर तो हॅचरीचा. पर शाबूत असला तरी खात्री धरू नका, कारण सगळ्याच हॅचऱ्या पर कापत नाहीत. शंका आली तर हॅचरीने ओळखीसाठी नाकाडात घातलेली बारीक सांकेतिक तार डिटेक्टरने शोधा.

खरा फरक मात्र बाहेरून दिसत नाही. टाकीत शत्रू नसतो, खाद्य वरून पडते. तिथे धीट, खादाड पिल्लू तगते आणि नदीत सोडल्यावर तेच आधी पक्ष्याच्या तोंडी जाते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या हूड नदीतील स्टीलहेड या सॅमनच्या भाऊबंदांवरचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. हॅचरीत वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत संतती वाढवण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली त्यात आढळली.

म्हणून नदीतली संख्या सावरण्यासाठी हॅचरी चालवत असाल तर नदीत जन्मलेले मासे प्रजनकांत घ्या. अर्थात नदीत अंडी घालायला पुरेसे उरत असतील तरच. निव्वळ मासेमारीसाठी हॅचरी असेल तर उलट करा, नदीतले आणि हॅचरीचे असे दोन्ही कळप वेगळे ठेवा. पहिल्याच झुंडीतून गरज भागवू नका. सोयीचे असते खरे, पण परतण्याची वेळ वंशातून उतरते आणि पुढच्या पिढ्या लवकर येऊ लागतात. हंगामभर थोडे थोडे घ्या, लवकर परतलेले छोटे नरही काही घ्या. अनेक नरांचे वीर्य एकत्र ओतले की एखाद्याचीच सरशी होते. एका मादीला एक नर बरा.

अंडी आणि वीर्य मिसळायचे भांडे कोरडे हवे. पाणी लागल्यावर शुक्राणू जेमतेम मिनिटभर हलतात. फलनानंतर एक-दोन दिवसांनी अंडी नाजूक होतात. अंड्यात पिल्लाचे डोळे दिसेपर्यंत, म्हणजे 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण 25 दिवस, त्यांना धक्का लागू देऊ नका. मेलेली पांढरी अंडी नंतर वेचा.

पिल्ले ज्या नदीत सोडायची, तिचेच पाणी टाक्यांत खेळवा. समुद्राकडे निघण्याच्या सुमारास त्या पाण्याचा वास त्यांच्या स्मरणात बसतो. ट्रकने दूर नेऊन सोडलेली पिल्ले परतताना जास्त भरकटतात आणि परक्या नदीतल्या माशांत मिसळतात.