पाचव्या आठवड्यातही नीट दिसतील असे आखूड केस

सलूनच्या खुर्चीत बसून ‘बारीक करा’ एवढेच सांगायचे आणि डोळे मिटून घ्यायचे, ही सवय आपल्यापैकी बऱ्याच जणांना लहानपणापासून असते. ‘बारीक’ म्हणजे नेमके किती, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्यालाही नसते. कारागीर आपल्या अंदाजाने मशीन चालवतो आणि आरशात जे दिसेल ते आपण महिनाभर चालवून घेतो. मीही अनेक वर्षे हेच केले. एकदा घरातल्या लग्नाच्या तोंडावर एका कारागिराने माझ्या कानावरून थेट कानशिलाच्या वरपर्यंत झिरो मशीन फिरवले. लग्नाच्या फोटोंत केस छान आले, पण दोन आठवडे होण्याच्या आतच बाजूचे केस आडवे ताठ उभे राहू लागले आणि तिसऱ्या आठवड्यात मला पुन्हा सलून गाठावे लागले. सर्वांत आखूड केस म्हणजे सर्वांत कमी देखभाल, हा समज चुकीचा आहे हे मला तेव्हा कळले. वाढत असतानाही जी कटिंग आपला आकार सोडत नाही, तिचीच देखभाल कमी लागते. म्हणून केस कसे कापायचे हे ठरवताना पहिल्या दिवसाचा नव्हे, तर पाचव्या आठवड्याचा विचार करावा.

यामागचा हिशेब सोपा आहे. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटीमीटर वाढतात. बाजूचे केस 1 मिलिमीटर ठेवले, तर महिन्याभरात ते दहापटीहून अधिक लांब होतात. 10 मिलिमीटर ठेवले, तर दुपटीच्या आसपास जातात. आणि माथ्यावरचे 4 सेंटीमीटरचे केस त्याच काळात जेमतेम सव्वापट होतात. वरचे आणि बाजूचे केस यांतला फरक जितका टोकाचा, तितका तो लवकर पुसला जातो. आज सगळीकडे दिसणारा फेड, म्हणजे खाली कातडीपर्यंत उतरत जाणारी कटिंग, अतिशय देखणी असते आणि ती करायला हातात कौशल्यही लागते. पण ती तशीच टिकवायची असेल, तर दर दोन आठवड्यांनी सलूनमध्ये जाण्याची तयारी हवी. ज्याला तेवढा वेळ नाही, त्याने तिच्या नादी लागू नये.

त्याऐवजी टेपर करून घ्यावे, असे माझे मत आहे. यात बाजूचे व मागचे केस खाली आखूड असतात आणि वर जाताना हळूहळू लांब होत माथ्यावरच्या केसांत मिसळतात. मधे कुठेही पायरी दिसत नाही. कानाभोवती आणि मानेकडे 6 ते 10 मिलिमीटर, त्याच्या वर कंगव्यावर कात्री (म्हणजे कंगव्याने केस उचलून वर आलेला भाग कात्रीने कापणे), माथ्यावर 3 ते 4 सेंटीमीटर आणि कपाळाकडे त्याहून किंचित लांब, एवढे सांगितले की पुरे होते. कारागीर मराठी बोलणारा असो वा हिंदी, आकडा दोघांनाही सारखाच कळतो. पटकन सांगायचे झाल्यास, ‘दादा, साइडला तीन नंबर मशीन, वर सगळी कात्री, माथ्यावर दोन बोटे ठेवा आणि मागे मानेवर चौकोनी रेघ मारू नका’ हे एक वाक्य पाठ करून ठेवावे.

मात्र या ‘नंबर’ शब्दात एक मोठा घोटाळा दडलेला आहे. सलूनमधल्या मोठ्या क्लिपरच्या पुढे जो कंगवा लावतात, त्याचा 1 क्रमांक साधारण 3 मिलिमीटरचा, 2 क्रमांक 6 मिलिमीटरचा, 3 क्रमांक 10 मिलिमीटरचा आणि 4 क्रमांक 13 मिलिमीटरचा असतो. दाढीच्या ट्रिमरवर मात्र बहुधा थेट मिलिमीटरच लिहिलेले असतात. म्हणजे मोठ्या मशीनचा तीन नंबर सांगून आपण निश्चिंत बसलो आणि कारागिराने ट्रिमरवर 3 लावले, तर केस अपेक्षेच्या एक तृतीयांशावर येतात आणि ते परत यायला तीन आठवडे जातात. म्हणून मशीन सुरू होण्यापूर्वी कंगवा डोळ्यांनी पाहावा आणि ‘हे किती मिलिमीटरचे?’ असे सरळ विचारावे. शंका असेल तर आधी मोठा कंगवा लावायला सांगावा. आणखी आखूड केव्हाही करता येते.

केसांचा स्वभाव पाहून हे आकडे थोडे हलवावे लागतात. कुरळे किंवा लहरदार केस वाढताना स्वतःभोवतीच वळतात, त्यामुळे त्यांना पाच-सहा आठवड्यांची मुदत सहज मिळते. सरळ, जाड आणि राठ केस मात्र दीड-दोन सेंटीमीटरचे झाले की कानावर आडवे फुटतात; अशा केसांना बाजूला 6 मिलिमीटरच ठेवावेत आणि चौथ्या आठवड्यात जाण्याची तयारी ठेवावी. कपाळाकडचे केस मागे हटू लागले असतील किंवा टाळू विरळ झाली असेल, तर वरचे केस लांब ठेवून ती जागा झाकण्याचा मोह टाळावा. लांब विरळ केसांच्या बटा होतात आणि बटांच्या मधून टाळू अधिकच दिसते. सगळे केस दोन-अडीच सेंटीमीटरवर आणले आणि बाजू त्याहून आखूड केल्या, तर विरळपणा डोळ्यांत भरत नाही. चेहरा लांबट असेल तर बाजू फार उतरवू नयेत, आणि गोल असेल तर माथ्यावर थोडी उंची राहू द्यावी.

सर्वांत अधिक लक्ष हवे ते भोवऱ्याकडे. भोवऱ्याचे केस मुळातूनच गोल फिरत वर येतात. केस ओले असताना ते आडवे पडून गुपचूप बसतात, कारागीर बाकीच्यांच्या बरोबरीने ते कापतो, आणि घरी जाऊन केस वाळले की मागे चार-पाच केसांची शेंडी उभी राहते. तिथले केस इतके लांब हवेत की ते स्वतःच्या वजनाने खाली पडतील, नाहीतर इतके आखूड हवेत की उभे राहिले तरी बाकीच्यांतून वेगळे दिसणार नाहीत. मधली लांबीच दगा देते. मी खुर्चीत बसताच भोवऱ्यावर बोट ठेवून दाखवतो आणि तिथले केस कोरडे असतानाच कापायला सांगतो. तेल लावून मात्र कधीही जाऊ नये, कारण तेलकट केस एकमेकांना चिकटतात, मशीनचे दात भरतात आणि खरी लांबी कळत नाही. दातेरी कात्रीचाही वापर बेताचाच असावा. जाड केस त्या कात्रीने हलके होतात हे खरे, पण मुळाशी राहिलेले खुंट दोन-तीन आठवड्यांनी वर येऊन लांब केसांना बाहेर ढकलू लागतात.

आता मानेविषयी. चांगल्या कटिंगचे आयुष्य अनेकदा या चार बोटे रुंदीच्या जागेत ठरते. कारागीर बहुधा न विचारताच मानेवर वस्तऱ्याने सरळ आडवी रेघ मारतो आणि दोन्ही बाजूंना कोपरे काढतो. त्या दिवशी ती रेघ पट्टीने आखल्यासारखी सुबक दिसते. आठवड्याभरात तिच्याखाली खुंट उगवतात आणि रेघेचा काळा काठ व खालची करडी लव असे दोन थर मागून चालणाऱ्या माणसाला स्पष्ट दिसू लागतात. मानेवरचे केस नैसर्गिक कडेपर्यंत मशीनने क्रमाने आखूड करत नेले आणि रेघ मारलीच नाही, तर नवी वाढ जुन्यात मिसळून जाते. वस्तरा घासून मारल्याने काहींच्या मानेवर, विशेषतः केस कुरळे असतील तर, बारीक पुटकुळ्या येतात. त्यांनी तर वस्तरा नकोच म्हणावे. वस्तरा वापरायचाच असेल, तर नवे पाते आपल्यासमोर पुडीतून काढून लावले जाते का, हे पाहावे. दूषित पात्याने हिपॅटायटिस बी व सी पसरू शकतात आणि अस्वच्छ मशीनमधून गजकर्ण येऊ शकते, त्यामुळे हे सांगताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

उठण्यापूर्वी मागे आरसा धरायला सांगावा, दोन्ही कल्ले एका पातळीत आहेत का ते समोरून पाहावे, आणि कानशिलावरून वर बोट फिरवून कुठे पायरी लागते का ते तपासावे. एवढे करायला कारागिराला आणि आपल्यालाही निवांतपणा हवा. रविवारी सकाळी बाकावर सहा जण वाट पाहत असताना तो मिळत नाही. सोमवारी बऱ्याच गावांत सलून बंद असतात. आठवड्याच्या मधली दुपार सर्वांत उत्तम.

घरी केस बसवायला दोन मिनिटे पुरतात. अंघोळीनंतर टॉवेलने केस रगडू नयेत, दाबून पाणी टिपावे आणि किंचित ओल असतानाच बोटांनी ज्या दिशेला हवे त्या दिशेला वळवावेत. वाळताना केस जसे असतात तसेच दिवसभर राहू पाहतात. एवढ्याने भागत नसेल, तर केस जवळजवळ वाळल्यावर मॅट वॅक्स किंवा क्ले, म्हणजे केस बसवण्याचे चमक नसलेले घट्ट मलम, हरभऱ्याच्या दाण्याएवढे घ्यावे, तळहातांवर पूर्ण विरेपर्यंत चोळावे आणि मागून पुढे लावत यावे. पुढून सुरुवात केली की सगळा गोळा कपाळावरच्या केसांत बसतो आणि ते चिकट दिसतात. जेल मी सुचवणार नाही. ते केसांच्या चकचकीत काड्या करते आणि विरळ केसांतली टाळू उघडी पाडते. घरात खोबरेल तेल असेल आणि केस राठ असतील, तर दोन थेंब तळहातावर पसरून वरवर हात फिरवला तरी केस खाली बसतात. बोअरचे जड पाणी असलेल्या घरांत केस अधिक ताठ होतात, तिथे हा उपाय विशेष उपयोगी पडतो.

दुचाकी चालवणाऱ्याने हेल्मेट केस पूर्ण वाळल्यावरच घालावे आणि आत पातळ सुती टोपी वापरून ती रोज धुवावी. पोहोचल्यावर ओल्या बोटांनी मुळांपासून केस हलवले की दोन-तीन सेंटीमीटरचे केस लगेच उठतात. हा आखूड केसांचा मोठा लाभ आहे. घाम फार येत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा शाम्पू पुरेसा असतो, इतर दिवशी नुसते पाणी चालते. कोंडा असेल तर किटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून मग धुवावा, आणि महिन्याभरात फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

दोन सलूनभेटींच्या मधे, साधारण तिसऱ्या आठवड्यात, मानेवरची लव घरीच काढता येते. भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून हातात दुसरा आरसा धरावा, ट्रिमर खालून वर न्यावा आणि केसांची नैसर्गिक कड जिथे सुरू होते तिथेच थांबावे; ‘थोडे आणखी’ करत कड वर सरकली की ती पुन्हा भरायला महिना लागतो. कल्ल्यांना हात लावू नये. आणि एखाद्या वेळी कटिंग मनासारखी जमली, तर त्याच दिवशी समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो काढून ठेवावेत, वापरलेल्या कंगव्याचे मिलिमीटर त्यांच्याबरोबर लिहून ठेवावेत आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होण्याआधी ते कारागिराला दाखवावेत.