साखरलिंबू आंबट निघालं? खत राहू द्या, आधी बुडाशी वाकून बघा

उत्तरा नक्षत्र लागलंय. आपल्या सोलापूरला पावसाचा खरा हिशेब याच महिन्यात होतो. जून-जुलैत ढग नुसते डोक्यावरून जातात आणि वर्षाच्या साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरमधला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. एक चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत लिंबूवर्गी झाडं पालवी टाकतात. दारातली गोड झाडं हातची जातात ती याच पालवीत. म्हणून बाकीची कामं चार दिवस मागे पडली तरी चालतील, हे वाचून झालं की खुरपं घेऊन झाडाकडे जा.

परवा जुळे सोलापुरात एका काकूंनी बोलावून नेलं. दारात साखरलिंबाचं झाड, सात वर्षांचं, हिरवंगार. "पहिली दोन वर्षं नुसती साखर होती हो. आता तोंडात घालवत नाही." दुकानदारानं त्यांना गोडी वाढवायची म्हणून साडेसहाशेची बाटली दिलेली, ती अर्धी संपलेली. मी बुडाशी माती उकरली. जमिनीखालून अंगठ्याएवढ्या जाड तीन फांद्या आलेल्या, काटेरी, आणि मधोमध खऱ्या साखरलिंबाचं वाळकं थोटूक. काकू तीन वर्षं जंबेरीला, म्हणजे कलमाच्या खालच्या आंबट लिंबाला, पाणी घालत होत्या. असली झाडं मी मोजायचं सोडून दिलंय.

घडतं असं. रोपवाटिकेतलं कलम म्हणजे दोन झाडं. खाली जंबेरीचा नाहीतर रंगपूर लिंबाचा खुंट, वर साखरलिंबाचा किंवा मोसंबीचा डोळा, म्हणजे बसवलेला कोंब. मुळं खुंटाची, ताकदही त्याचीच. जोडाखालून फुटवा आला आणि कुणी बघितलं नाही, तर तो दोन पावसाळ्यांत वरच्या गोड फांदीला उपाशी मारतो. शेतकरी बागेत पानसोट, म्हणजे असले नको ते फुटवे, काढतो, कारण त्याचं पोट त्यावर असतं. घरची माणसं मात्र झाड जोमात आलं म्हणून खूश होतात.

ओळखायचं कसं? पहिली खूण जोड. खोडावर वाकडेपणा किंवा गाठ दिसते, त्याच्या खालून आलेलं सगळं परकं. दुसरी खूण पालवी. जंबेरी आणि रंगपूरची कोवळी पालवी जांभळट असते, कळीवरही तो रंग उतरतो. साखरलिंबाची पालवी निखळ पोपटी आणि फूल पांढरं. जुने माळी हे डोळ्यांनीच सांगायचे. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं कारणही दाखवलं: नोएमी नावाचं एक जनुक पालवीतला जांभळा रंग आणि फळातला आंबटपणा दोन्ही सांभाळतं. ते निकामी झालं की रंगही जातो आणि आम्लही. मात्र उलटं धरू नका. हिरवी पालवी म्हणजे गोड फळ असं नसतं, संत्र्याची पालवीही हिरवीच असते. जोडाखाली जांभळं दिसलं की मात्र विचार करत बसू नका.

कोवळा फुटवा हातानं खाली ओढून, बुडासकट उपटायचा. कात्रीनं कापला तर बुडाशी राहिलेले डोळे जागे होतात आणि एकाचे चार होतात. जून झाला असेल तर माती बाजूला करून खोडाला लागून कापा आणि बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. घरच्या एका झाडाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर पुरे. लोखंडी भांडं वापरू नका. पुढचा दीड महिना दर रविवारी एकदा वाकून बघा.

हे ज्यामुळे होतं ते दुसरं दुर्लक्ष म्हणजे जोड मातीत गाडणं. झाड वाऱ्यानं हलतं म्हणून लोक बुडाला माती चढवतात, वर शेणखत, वर विटांचं आळं. मग फुटवे मातीतच येतात आणि दिसतही नाहीत. त्यात काळी माती पाणी धरून ठेवते आणि हस्ताचा पाऊस लागला की खोडातून डिंक वाहू लागतो. जोड जमिनीपासून वीतभर वर उघडा हवा. आळं दुहेरी करा, आतलं कोरडं, पाणी बाहेरच्यात. डिंक्या दिसलाच तर साल खरवडून पेस्ट, आणि मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मुळाशी ओता.

पानं पिवळी, शिरा हिरव्या, हे सोलापुरात घरोघरी. आपली जमीन चुनखडीची, बोअरचं पाणी जड, लोह असूनही मुळांना मिळत नाही. दुकानात 'चिलेटेड लोह' म्हणून जे मिळतं ते बहुधा ईडीटीए नावाच्या रसायनात बांधलेलं असतं. चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही, जमिनीत ओतलं तर पैसे ओतले. त्यापेक्षा फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट प्रत्येकी 5 ग्रॅम, विरलेला चुना अडीच ग्रॅम, 1 लिटर पाण्यात, गाळून नव्या पानांवर संध्याकाळी फवारा. माझा एक अंदाज, आकडा विचारू नका: कुंडीतल्या झाडाला गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून दिलं तर निम्मा पिवळेपणा आपोआप जातो.

बाकी नेहमीचं:
– नागअळी, पालवीवर: निंबोळी अर्क 5 टक्के
– फुलपाखराची अळी (पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते): हातानं वेचा
– वाळक्या फांद्या: पाऊस थांबल्यावर
– शेणखत: खोडापासून हातभर लांब

नवीन लावणार असाल तर साखरलिंबू, मोसंबी, नाहीतर जागा असेल तर पपनस. पपनस बियांवरून लावू नका, आईसारखं येत नाही. कुंडीसाठी साखरलिंबाची गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) उत्तम, तिला खुंटच नाही, म्हणजे फसवणूकही नाही. इटलीचं व्हॅनिला संत्रं, इजिप्तचं सुक्करी ही बिनआंबट संत्री खरी आहेत. पण ऑनलाइन फोटो दाखवून जे रोप येतं, ते फळ लागेपर्यंत कुणीही काहीही म्हणून विकू शकतं. मी एकदा फसलोय. चार वर्षांनी कळलं, ईडलिंबू होतं.

फळ पिवळं होण्याची फार वाट बघू नका. लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के आम्ल असतं, साखरलिंबात टक्क्याचा जेमतेम दहावा भाग. उतरायला आम्लच नाही, उशीर केला तर फळ फक्त पाणचट होतं. रस काढला की लगेच प्या, ठेवला की कडवटतो.

काकूंच्या झाडाच्या दोन फांद्या काढल्या, एक ठेवली. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली की तिच्यावर डोळे भरू. शेजारच्या गल्लीतल्या जुन्या साखरलिंबाची काडी सांगून ठेवलीय. तोवर आहे त्या जंबेरीचं लोणचं घाला म्हटलं. साखरलिंबाचं मुरलंच नसतं, हे चांगलं मुरेल.