अभिजात रोल-प्लेइंग गेमच्या पुढच्या भागाकडून अपेक्षा कशा मांडाव्यात

रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, पुढच्या भागात काय हवे याची मागणी लिहिण्यापूर्वी मूळ गेम पुन्हा शेवटपर्यंत खेळावा आणि आवडलेली प्रत्येक गोष्ट कशामुळे साधली, याची नोंद करावी. ‘फॉलआउट’ या गेममध्ये (१९९७) अत्यंत कमी बुद्धिमत्तेचे पात्र घेतल्यास संवादच बदलतात, चाहत्यांना हवी असते ती हीच, आपल्या निवडीची जगाने घेतलेली दखल, आणि माझ्या मते कोणत्याही मागणीपत्रात तिलाच पहिले स्थान द्यायला हवे.

लढाईच्या पद्धतीबाबत मात्र हट्ट धरू नये. ‘बाल्डर्स गेट’ या गेममालिकेच्या पहिल्या दोन भागांत लढाई सलग चाले आणि हवी तेव्हा थांबवता येई, तर २०२३ मधील तिसऱ्या भागात ती पाळीपाळीने होते, तरीही सोबत्यांशी जुळणारे आणि तुटणारे नाते त्याने जपले आहे. जुने पात्र पुढच्या भागात नेण्याची सोय २००० मधील दुसऱ्या भागाने दिली होती, त्यामुळे ही मागणी निःसंकोच करावी. ग्राफिक्सबद्दल एक ओळ पुरे. नको असलेल्या गोष्टीही स्पष्ट लिहाव्यात, विशेषतः शोध घेण्याचा आनंदच हिरावून घेणारे, पावलोपावली वाट दाखवणारे बाण.