शाळेला टॅब देताय? आधी या चुका टाळा

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर वर्गणी जमते, टॅब येतात, सरपंचांच्या हस्ते वाटप होतं, फोटो निघतात. दिवाळीनंतर जाऊन पाहावं तर टॅब कपाटात आणि कपाटाला कुलूप. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. पेरू देशाच्या सरकारने मुलामागे एक लॅपटॉप या हिशोबाने आठ लाखांवर लॅपटॉप वाटले. पुढे ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी झाली, तेव्हा सव्वा वर्षानंतरही लॅपटॉप मिळालेली मुलं गणितात आणि भाषेत इतरांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. खरेदीवर सगळा जोर गेला की असंच होतं.

टॅबचा तास कुठून काढला?

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या शाळांत एकच संगणक कार्यक्रम दोन तऱ्हांनी चालवून पाहिला. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळात, बाईंच्या शिकवण्याच्या जागी ठेवला. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा तास म्हणून. जादा तासवाल्या मुलांचं गणित सुधारलं आणि त्यातही कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. शिकवण्याच्या जागी संगणक आला तिथली मुलं मात्र संगणक न मिळालेल्या मुलांपेक्षाही मागे पडली. त्या बाई चांगल्या शिकवत होत्या, त्यांचाच तास गेला.

म्हणून वेळापत्रक समोर घ्या आणि मुलं नुसती बसून असतात तो वेळ शोधा. द्विशिक्षकी शाळेत तो हमखास सापडतो. गुरुजी तिसरीला भागाकार शिकवत असताना चौथी फळ्यावरचं उतरवत बसलेली असते. टॅब त्या चौथीच्या हातात द्या. शिक्षकाचा चालू तास मोडून ‘डिजिटल तासिका’ घालायची असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की घालू नका.

सहावीच्या मुलाला सहावीचाच धडा

दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, तेव्हा सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला तो जिथे होता तिथून उचललं, जोडीला छोट्या गटात शिकवणीही होती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही चांगली वाढ दिसली. आपल्याकडे टॅबमध्ये बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकाचेच व्हिडिओ भरून देतात. ज्याला हातच्याची वजाबाकी येत नाही, त्याने अपूर्णांकाचं रंगीत कार्टून कितीदा पाहिलं तरी काय होणार? विक्रेत्याला सरळ विचारा, मूल चुकलं की तुमचं ॲप मागच्या पायरीवर जातं का? ‘स्मार्ट’, ‘एआय’ वगैरे नंतर ऐकू.

यातच एक बारीक अडचण दडलेली असते. टॅब कमी म्हणून तीन मुलं एकाच लॉगिनवर बसवतात. मग ॲपला वाटतं हा एकच मुलगा आहे, कधी फार हुशार, कधी फार कच्चा. पातळी वरखाली होत राहते आणि तिघांपैकी कोणालाच योग्य गणित मिळत नाही. टॅब पाळीपाळीने द्या, पण लॉगिन प्रत्येकाचं वेगळं ठेवा.

शिक्षकाला वगळून थेट मुलांच्या हाती

पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये शिक्षकांनी वर्गातच छोटे व्हिडिओ वापरून गणित-विज्ञान शिकवलं, तेव्हा चार महिन्यांत गुण वाढले. तशाच स्वरूपाचं साहित्य मुलांच्या टॅबवर दिलं तिथे गुण उलट घसरले. तेव्हा पहिला टॅब शिक्षकाला द्या, एक महिना घरी वापरू द्या, मग बाकीचे आणा.

टॅब कपाटात का जातात

टॅब शाळेत आला की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतो आणि खाली मुख्याध्यापकांची सही होते. उद्या काच फुटली किंवा चोरी झाली तर वसुली आपल्याकडून, ही भीती खरी असते. त्यापेक्षा कुलूप बरं. यावर उपाय वाटपाच्या आधीच करावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या की वापरताना झालेली तूटफूट शिक्षकाच्या माथी येणार नाही, आणि दुरुस्तीचा पैसा वर्गणीतूनच बाजूला काढून ठेवा. वीजबिलाचंही तेव्हाच ठरवा. सादिल अनुदानावर, म्हणजे किरकोळ खर्चासाठी शाळेला मिळणाऱ्या सरकारी पैशावर, भिस्त ठेवली की एखाद्या महिन्यात मीटरच तोडलेला दिसतो.

नेहमीच्या तक्रारी

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर टॅब चालूच होत नाही: बॅटरी पार उतरलेली असताना ठेवून दिला होता. सुट्टीपूर्वी साधारण निम्मं चार्जिंग करून, बंद करून ठेवा आणि मधे एकदा कोणाला तरी तपासायला सांगा.

इंटरनेट आहे, तरी ॲप जोडलं जात नाही: आधी तारीख पाहा. बॅटरी संपून पडलेल्या टॅबची तारीख कधी कधी मागे जाते आणि मग सर्व्हर दाद देत नाही.

दहा टॅब एकदम बोलतात, वर्गात गोंगाट: हेडफोन घ्या, पण वायरचे. ब्लूटूथचे चार्ज करत बसायला शाळेत प्लग किती असतात ते मोजा!

दुसऱ्या वर्षी ॲप उघडत नाही: परवाना एका वर्षाचाच घेतलेला असतो. पुढच्या वर्षांची किंमत आधीच लेखी घ्या.

पैसे कमी असतील तर

टॅबशिवायही बरंच करता येतं. २०२०मध्ये शाळा बंद असताना बोट्सवानात साधे फोन वापरले. आठवड्याला एक एसएमएस आणि सुमारे वीस मिनिटांचा फोन, मूल आणि पालक दोघांशी, विषय फक्त प्राथमिक गणित. मुलांची आकडेमोड सुधारली. नुसता एसएमएस पाठवला त्या घरांत मात्र फारसा फरक पडला नाही. हे करायचं असेल तर वर्गणीतून रिचार्ज मारा, गावातल्या बारावी झालेल्या मुलामुलींना थोडं मानधन देऊन प्रत्येकाकडे पाच-सहा घरं सोपवा, आणि फोन संध्याकाळी करा, आईबाप शेतावरून परतल्यावर.